बातमीच्या आधी माणूस

आमच्या गावाचा मोबाइलवर एक ग्रुप आहे आणि त्याचा ॲडमिन मी आहे. हे काही मिरवायचं पद नाही, पण मी ते तीन-चार वर्षं चांगलं मिरवलं. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. मी शेजारच्या गावातल्या शाळेवर मास्तर. मास्तर म्हटलं की कुठं काय बोलावं हे याला कळत असणार, असं लोक धरून चालले आणि खरं सांगायचं तर मीही तेच धरून चाललो.

ग्रुपात गावातली माणसं होतीच, पुण्याला कंपनीत लागलेली होती, आणि सासरी गेलेल्या लेकीही होत्या. लेकींना घ्यायचं ही माझी कल्पना. पाऊस पडला का, कुणाची म्हैस व्याली, देवीचा भंडारा कधी, एवढं कळलं तरी लेकीचा जीव थाऱ्यावर राहतो. माझी धाकटी बहीण आखाडा बाळापूरला दिलेली. ती त्या ग्रुपाला माहेरच म्हणायची. "दादा, आज माहेरात कुणीच काई बोललं न्हाई," असा तिचा दुपारचा फोन यायचा.

सकाळी उठून गुलाब आणि वाफाळती कपबशी पाठवणाऱ्यांना मी आधी झापलं. मग खातरजमा न करता बातम्या पुढं ढकलणारे, मग दुसऱ्याच्या बायकोच्या फोटोखाली बदाम टाकणारे, मग दोन घोट पोटात गेल्यावर बोलून पाठवणारे. सगळ्यांना नियम लावले. सांगून ऐकलं नाही तर मी माणूस काढून टाकायचो. त्याला एक बोट लागतं. नावावर दाबून धरायचं, काढा म्हणायचं, झालं. एका चुलत्याला मी दोनदा काढलं. ते नंतर सहा महिने आमच्या दारावरून जाताना खाकरून थुंकायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. माणूस काढताना मला बरं वाटायचं, हे आज कबूल करतो.

सगळ्यात कडक नियम मरणाचा होता. घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणीही श्रद्धांजली टाकायची नाही. हा नियम काही मला बसल्या बसल्या सुचला नव्हता.

खालच्या आळीतली एक म्हातारी हिंगोलीच्या दवाखान्यात होती. नळ्या लावलेल्या. डॉक्टर काही सांगत नाहीत, असा तिच्या नातवाचा फोन आला आणि गावातल्या एका उत्साही माणसानं तिचा फोटो हाराच्या चौकटीत बसवून ग्रुपावर टाकला. अर्ध्या तासात शंभर जणांनी हात जोडले. म्हातारी चौथ्या दिवशी घरी आली. लोक हसले, मीही हसलो. पण ती पुढं चार महिने जगली आणि त्या चार महिन्यांत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मागं लागायची, "मला दाव ना रे तो हाराचा फोटू." दाखवला की बराच वेळ बघायची आणि म्हणायची, "बराबर हाय. हाच लावा." शेवटी तोच लावला. तेव्हापासून मोबाइलवर ती हाराची चौकट दिसली की मी मोबाइल पालथा ठेवतो.

दुसरी गोष्ट शेजारच्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याची. घरोघरी फोन नव्हते तेव्हा पंचक्रोशीत कुणी गेलं की पाहुण्यांकडं सांगावा न्यायचं काम त्याचं. चालायला काटक, बोलायला कमी. माझी आत्या गेली तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. तिच्या लेकीला सांगायला मी त्याच्यासोबत गेलो. एसटीतून उतरल्यावर मी सरळ लेकीच्या घराकडं निघालो, तर त्यानं मला दंडाला धरून थांबवलं. आधी तो शेजारच्या घरी गेला. तिथल्या पोक्त बाईला बाहेर बोलावलं, तिला हळू आवाजात सांगितलं आणि तिला पुढं घातलं. मग आम्ही लेकीच्या दारात गेलो. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. लेकीनं पाण्याचा तांब्या आणला, त्याला त्यानं हात लावला नाही. "आईची तब्येत जरा जास्त हाय, चल," एवढंच बोलला. लेक तांब्याकडं बघत राहिली. ती खाली बसायच्या आत शेजारणीनं तिला धरलं होतं.

मयताचा सांगावा आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक असतं. म्हणजे म्हातारा खोटं बोलत होता आणि ते खोटं आहे हे ऐकणाऱ्याला कळत होतं. परत येताना मी त्याच्यापुढं मास्तरकी केली. म्हटलं, सगळ्यांना कळतंच तर मग एवढं सोंग काहून करता?

"लपवायला न्हाई जात आमी, मास्तर," तो म्हणाला. "बातमीच्या आधी माणूस पोचावं लागतं. बातमी एकलीच गेली तर ती माणसाला खाते."

हाच म्हातारा गेला तेव्हा त्याची बातमी मात्र ग्रुपावरून एकलीच गेली. त्याची लेक ऊसतोडीला दूर मुलखात होती. तिनं उसाच्या फडात उभ्या उभ्या मोबाइलवर बापाचा हाराचा फोटो बघितला. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही म्हणतात. मला फार राग आला. मी ग्रुपावर लांबलचक लिहिलं, मरणाचा नियम टाकला, आणि त्याखाली साठ-सत्तर अंगठे आले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं म्हणणं आपल्याला कळलं.

गेल्या हंगामात आमची हळद शिजत होती. शेतात हळद शिजवायचा मोठा कुकर लावला होता आणि आबा, म्हणजे माझे वडील, पहाटेपासून तिथं होते. हळद शिजत असली की त्यांना घर आठवत नसे. नऊच्या सुमाराला ते वाफाळत्या हळदीच्या ढिगाला टेकून बसले, छातीला हात लावला आणि तसेच कलंडले. मी शाळेला निघायच्या तयारीत होतो. धावत पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

आई आली. ती त्यांच्या उशाला बसली, पदरानं त्यांच्या कपाळावरची हळद पुसली आणि मला म्हणाली, "तिला कसं सांगशील?"

मला त्या क्षणापर्यंत बहिणीची आठवणच झाली नव्हती. तिला सातवा सरून आठवा लागला होता. आधीची दोन लेकरं पोटातच गेलेली. या वेळी सात महिने टिकलं म्हणून दोन्ही घरं बोलताना आवाज चढवत नव्हती. आठ दिवसांमागंच मी तिला हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं होतं. रक्तदाब वाढलेला होता. झोपून राहायचं, वजन उचलायचं नाही, आणि कसलाही धक्का बसता कामा नये, असं बाईंनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्या माझ्याकडं बघत होत्या.

भावकीतले लोक म्हणाले, पोटुशी बाईनं मयत बघू नये, तिला बाळंत होईपर्यंत कळवूच नका. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज न्हाई तर उद्या कळंलच तिला. बापाचं तोंड बघितल्याबिगर ती ऱ्हायची न्हाई. तू जा. तोंडानं सांग."

एवढ्यात माझ्या खिशात मोबाइल थरथरला. ग्रुपावर फोटो आला होता. आबा हळदीच्या ढिगाला कलंडलेले, तोंड अर्धवट उघडं, बाजूनं वाफ. खाली लिहिलेलं, हळद शिजवताना दुःखद घटना. टाकणारा माणूस माझ्यापासून तीन पावलांवर उभा होता. आमचाच शेतशेजारी, पन्नाशीचा, भला माणूस. आबांना उचलायला तोच आधी धावला होता. त्याची बोटं हळदीनं पिवळी होती आणि हातातला मोबाइलही पिवळा झाला होता.

"अण्णा, हे काहून टाकलं?" मी ओरडलो.

"लोकांला कळावं म्हणून टाकलं, मास्तर," तो म्हणाला. तो रडत होता.

मी फोटो काढून टाकला. ॲडमिनला ते करता येतं. पण तोवर ज्यांनी बघितला त्यांचे जोडलेले हात यायला लागले. एक काढला की चार येत होते. पुण्याहून येत होते, जालन्याहून येत होते, जे वर्षभर ग्रुपावर तोंड उघडत नव्हते त्यांचेही येत होते. नियम कुणाला आठवत नव्हता. बहिणीनं फोटो बघितला का, हे कळायला काही मार्ग नव्हता. आणि तेव्हा मला ते सुचलं. सगळ्यांची तोंडं बंद करण्यापेक्षा तिलाच काढलं तर? मी तिच्या नावावर बोट दाबून धरलं आणि तिला ग्रुपातून काढून टाकलं. आमच्या घरचाही एक छोटा ग्रुप होता, त्यातूनही काढलं. जीव भांड्यात पडला. बाप समोर पडलेला असताना मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दरवर्षी वर्गात शिकवतो. अर्थ सांगून वाक्यात उपयोगही करून घेतो.

मेहुणे, म्हणजे बहिणीचे मालक, त्या दिवशी हळद घेऊन हिंगोलीच्या मोंढ्यात आले होते. त्यांना फोन केला. तिकडं हमालांचा गलका होता, दोनदा सांगावं लागलं.

"घरी कोण आहे तिच्याजवळ?" मी विचारलं.

"आई हाय की. सकाळी निघालो तवा आईच व्हती."

"आणि तिचा मोबाइल?"

"असंल उशाला."

मी गाडी काढली आणि हिंगोलीत मेहुण्यांना घेतलं. त्यांनी हळद तशीच ओळखीच्या माणसाच्या हवाली केली होती. माझा मोबाइल मधल्या खोबणीत ठेवला होता आणि तो सारखा उजळत होता. नात्यातले फोन येत होते. प्रत्येकाला मी एकच सांगत होतो, बाळापूरला कुणी फोन करू नका. कळमनुरी ओलांडली तेव्हा एका लांबच्या मामांचा फोन आला. म्हणाले, "बाळापूरच्या स्टँडवर मला एकानं इचारलं, तुमचे पाव्हणे गेले म्हणतात, खरं का?" मी गाडीचा वेग वाढवला. रस्त्यात ट्रॅक्टर, हळदीची पोती, शेळ्या. आम्ही कितीही जोरात गेलो तरी बातमी आमच्या पुढं चालली आहे असं मला सारखं वाटत होतं. मेहुणे दर दहा मिनिटांनी आईला फोन लावत होते. आई उचलत नव्हती.

बारा वाजता पोचलो. दाराला आतून कडी होती. भर दिवसा आमच्याकडं कुणी कडी लावत नाही. मेहुण्यांनी हाक मारली. आत पावलं वाजली, मग थांबली, मग पुन्हा वाजली. बहिणीनं दार उघडलं. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं नेसलेली, चेहरा पाण्यानं धुतलेला. एक हात कंबरेवर होता.

"आई कुठं हाय?" मेहुण्यांनी विचारलं.

"रानात गेल्या. तुमी गेल्यावर लगेच गेल्या. मोबाइल इथंच ऱ्हायला त्यांचा."

म्हणजे ती सकाळपासून एकटी होती. पण तिचा चेहरा शांत होता. मला वाटलं, चला, हिला कळलेलं नाही. माझी युक्ती कामाला आली.

तिनं पाण्याचा तांब्या आणला. मला तहान लागली होती, घसा चिकटून गेला होता. पण माझा हात आपोआप मागं गेला. "नको," मी म्हटलं. एरवी तिच्या घरी चहा घेतल्याशिवाय उठू द्यायची नाही ती. त्या दिवशी तिनं आग्रह केला नाही. तांब्या खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"आबांची तब्येत जरा जास्त हाय," मी म्हटलं. "तुला बघायचं म्हणून राहिले. चल."

तिनं डोळे मिटले आणि उघडले. "आबा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "चल."

गाडीत ती मागं बसली, मेहुण्यांच्या शेजारी. कळमनुरीपर्यंत बाहेर बघत होती. मग विचारायला लागली.

"दवाखान्यात नेलं का?"

"व्हय. हिंगोलीला," मी म्हटलं.

"बोलून राहिले का?"

"जरा जरा बोलतात."

"आई जेवली का?"

"जेवली."

आरशात ती मला दिसत होती. प्रत्येक उत्तराला ती मान हलवत होती. मी धडाधड खोटं बोलत होतो आणि ते बोलणं मला सोपं जात होतं. हिंगोली आली. दवाखान्याकडं वळायचा चौक जवळ आला. गाडी सरळ काहून जाते असं ती विचारणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, सकाळीच घरी आणलं म्हणायचं. गाडी चौक ओलांडून सेनगावच्या रस्त्याला लागली. तिनं काही विचारलं नाही. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

घरापुढं माणसं बसलेली होती. ती गाडीतून सावकाश उतरली, कुणाच्या हाताला न धरता आत गेली आणि आबांच्या पायाशी बसली. त्यांचे तळवे धुतले होते तरी पिवळेच होते. त्या तळव्यांवर गाल टेकून ती रडली. आईनं तिला मागून धरून ठेवलं होतं. संध्याकाळी आबांना पोचवून आलो तर ती कळा येतात म्हणून आडवी पडली होती. पुन्हा हिंगोली. दोन दिवस दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी कळा थांबवल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आता बाळंतपणापर्यंत खाटेवरून उतरायचं नाही, तरी मी काही शब्द देत नाही.

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या ओसरीत खाटेवर पडली होती. पाय उशीवर ठेवलेले. मी जवळ जाऊन बसलो. बोलायचं म्हणून बोललो, आणि थोडं स्वतःची पाठ थोपटायलाही बोललो असेन. म्हटलं, "एक बरं झालं. आम्ही पोचायच्या आत तुला कळलं असतं तर काही खरं नव्हतं."

तिनं उशाखालून मोबाइल काढला आणि माझ्यापुढं धरला. तिच्याकडं गावाचा ग्रुप अजून तसाच होता. जोडलेल्या हातांची रांग होती आणि तिच्या खाली शेवटच्या दोन ओळी. वरची सांगत होती की एक मेसेज ॲडमिननं काढून टाकला. खालची ओळ होती, दादा यांनी तुम्हाला काढून टाकले. तिनं माझा नंबर दादा म्हणून ठेवलेला होता.

"धा वाजायच्या आत कळलं व्हतं मला," ती म्हणाली.

"यावरून?"

"तू भांडणावरनं काढतोस मानसाला. मी कुणासंग भांडले व्हते? साऱ्या गावाला सांगायची अन् मलाच न्हाई सांगायची, अशी काय गोष्ट असंल, दादा?" ती थांबली. तिला दम लागत होता. "आई का आबा, तेवढं कळून न्हाई राहिलं. तू येऊन आबाचं नाव घेतलंस तवा कळलं. तवर मी दोघांलाबी रडून घेतलं."

मी हिशेब केला. साडेनऊ-दहा ते बारा. दोन तासांच्या वर.

"मला फोन करायचा," मी म्हटलं.

"लावला व्हता. एंगेज येऊन राहिला."

खरं होतं. मी सगळ्या जगाला फोनवर सांगत होतो की बाळापूरला फोन करू नका.

"मग शेजारणीला हाक मारायची."

"काय म्हणून मारू? मला कुणी सांगितलंच न्हवतं की." ती छताकडं बघत होती. "तवाच पैली कळ आली. कुणी आलं तर तोंड बघून इचारंल म्हणून कडी लावून घेतली. सासूबाईचा मोबाइल वाजला तरी उचलला न्हाई. म्हणलं, दादा येईल. तोंड धुवून बसावं."

"आणि गाडीत ते सगळं विचारत होतीस?"

"तू लई थरथरून राहिला व्हतास. म्हणलं, बोलू द्यावं याला. गाडी तूच चालवत व्हतास."

मला त्या तांड्यावरच्या म्हाताऱ्याची आठवण झाली. त्यानं मला दंडाला धरून थांबवलं होतं आणि आधी शेजारीण पुढं घातली होती. बाळापूरला बहिणीच्या भिंतीला भिंत लावून एक मावशी राहतात. त्यांचा नंबर माझ्याकडं आहे. संक्रांतीला त्यांना तिळगुळाचा फोटोसुद्धा मी पाठवला होता. त्या दिवशी एक फोन त्यांना केला असता आणि नुसतं जाऊन बसा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. म्हाताऱ्याचं मी फक्त न सांगणं उचललं आणि त्याला शिष्टाचार म्हणून गावाला शिकवलं. पाणी नाकारायची खूणसुद्धा मी दहाच्या आतच मोबाइलवरून पाठवून दिली, आणि तिथं माणूस कुणीच नव्हतं. मला स्वतःची किळस आली. मी तिथंच ओसरीत रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि खाटेवरून उठू नको म्हणून आई आतून तिला रागावली.

डॉक्टरीणबाईंना विचारून तिला गाडीत आडवी झोपवून बाळापूरला न्यायच्या दिवशी मी विचारलं, "परत घेऊ का तुला ग्रुपात?"

"नको," ती म्हणाली. "आता मला काई सांगायचं असंल तर येत जा." ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला माहीत. ग्रुपावर मी नियम टाकणं बंद केलं. चुलत्यांना घरी जाऊन हात जोडले आणि परत घेतलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी गुलाब पाठवला आणि मी तो राहू दिला. शिकवता शिकवता मी टेबलावरच्या मोबाइलकडं बघायचो, वर्गातली लेकरंही मग तिकडं बघायची. बहिणीला रोज संध्याकाळी फोन व्हायचा. बरी हाय, म्हणायची. पण ती किती छान खोटं बोलते हे मी गाडीत ऐकलं होतं. त्यामुळं ती बरी आहे म्हणाली की मला आणखी भीती वाटायची. आई काही विचारत नव्हती. ती देवापुढं दिवा लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची.

मग दोन दिवस बहिणीचा फोन लागला नाही. मेहुण्यांचाही लागला नाही. त्यांच्या आईचा मोबाइल वाजायचा आणि बंद व्हायचा. बाळापूरच्या मावशींना लावला तर त्या म्हणाल्या, "काल नेलं दवाखान्यात. जास्त काई माहीत न्हाई बाबा," आणि पुढचं काही न बोलता त्यांनी फोन ठेवला. सकाळी निघायचंच असं ठरवून मी गाडीत डिझेल भरून आणलं.

सकाळी सात-साडेसातला मी गाडीची काच पुसत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक जीप थांबली आणि मेहुणे उतरले. एकटेच. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. ते खाली बघत चालत आले. ज्या माणसाला फोन करता येतो तो सकाळी सकाळी ऐंशी किलोमीटर जीपनं येत असेल तर कशाला येत असेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. हातातलं फडकं मी तसंच धरून उभा राहिलो. शेजारच्या काकू अंगण झाडत होत्या, त्यांनी झाडणी टाकली आणि न बोलावता आमच्या दारात येऊन आईच्या शेजारी उभ्या राहिल्या.

मेहुणे उंबऱ्याच्या बाहेर थांबले. आत आले नाहीत.

आईनं पाण्याचा तांब्या आणला. पाणी तिच्याच पायावर सांडत होतं. मेहुणे त्या तांब्याकडं बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि सगळा संपवला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. रिकामा तांब्या आईच्या हातात देऊनच ते बोलले.

"पोरगी झाली. काल सांजच्याला. दिस भरले न्हाईत म्हणून काचेच्या पेटीत ठेवलंय लेकराला, डॉक्टर आठ दिस जाऊ द्या म्हणतात. ती बरी हाय."

आई खाली बसली. काकूंनी तिला धरलं होतं.

"फोन काहून नाही केला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "दोन दिवस, पाव्हणं. आमचा जीव गेला इथं."

"ती करूच देईना," मेहुणे म्हणाले. "म्हणली, तुमी जा, तोंडानं सांगा. अन् दारात गेल्यावर आधी पाणी प्या म्हणली, मंग बोला. दादा तांब्याकडंच बघत असंल."

तांब्या आईच्या मांडीवर आडवा झाला होता. मी तिकडंच बघत होतो.